गावाप्रमाणे सुट्टी

आत्मकथन लिहायला बसणाऱ्याचे केस पिकलेले असावेत आणि गुडघे दुखत असावेत, अशी लोकांची साधारण अपेक्षा असते. माझे केस अजून काळे आहेत. गुडघे मात्र दुखतात, कारण पोलीस भरतीसाठी मी तीन वर्षं हायवेच्या कडेने धावलो आणि तिन्ही वेळा छाती फुगवून मोजायची वेळ आली तेव्हा मला हसू आलं. तेव्हा अर्धी अट पूर्ण झाली असं समजून लिहितो. शिवाय दहावीच्या वर्षी, त्या एका फागुन महिन्यात मी जेवढा म्हातारा झालो, तेवढा पुढे कधी होईन असं वाटत नाही. ती गोष्ट शाळेच्या फाटकाची आहे आणि माझ्या कपाळाची आहे. मी ती आजवर एकाच माणसाला सांगितली, आणि त्या माणसाने ऐकून मला माफ केलं की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही.

टाळेबंदीत शाळा बंद होती तेव्हा आमच्या आंबेझरीत सगळ्यात जास्त शिक्षण चिचेच्या झाडावर झालं. नेटवर्क फक्त तिथेच यायचं. खालच्या फांदीवर गणित, मधल्या फांदीवर इंग्रजी, आणि शेंड्याला गेलं की सिनेमा. मी कुठल्या फांदीवर असायचो ते सांगत नाही. घरी माय दिवसातून दोनदा काढा पाजायची. गुळवेल, अद्रक, तुळस आणि तिला ज्याचा राग आला असेल असा कुठलाही पाला त्यात पडायचा. बाबा वावरातून येऊन तो काढा उभ्याउभ्या प्यायचे आणि मग अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत. जेवण मात्र तेच होतं: भात, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी. बाहेर जग थांबलं होतं म्हणतात. आमच्याकडे तांदळाची गिरणी सुरू होती, तिचा भकभक आवाज दिवसभर यायचा, आणि मला तेव्हा वाटायचं की जोवर गिरणी चालू आहे तोवर कोणी मरत नाही. मी असा विचार करणारा पोरगा होतो. त्या डोक्यावर पुढे सगळ्यांनी काय भरवसा ठेवला ते पाहा.

मग नववी-दहावीचे वर्ग सुरू झाले. शाळा हायवेवरच्या गावात, आमच्यापासून सायकलने सात किलोमीटर. पहिल्या दिवशी पोहोचलो तर फाटकापुढचं मैदान ओळखू येईना. जमिनीवर फक्कीचे पांढरे गोल आखले होते, ओळीने, थेट हायवेपर्यंत. ते आखले होते फागूकाकांनी. फागूकाका म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई: काटक, काळेसावळे, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम तुटलेली, आणि आवाज असा की घंटा वाजवली काय न वाजवली काय. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सहा फूट अंतर सांगितलं होतं. काकांनी बांबूची एक काठी बरोबर सहा फुटांची कापली आणि रोज सकाळी ती जमिनीवर टाकत टाकत गोल आखले. रोज, कारण गायी रात्री त्यांवर बसायच्या. एकदा एक बकरी बरोबर गोलाच्या मधोमध बसून रवंथ करत होती. काका आम्हाला म्हणाले, "पाहा रे, तिले समजलं. तुमालेच समजत नाई."

फाटकावर त्यांच्या एका हातात सॅनिटायझरची बाटली आणि दुसऱ्या हातात ती ताप मोजायची बंदूक असायची. शंभरच्या वर आकडा आला की पोरगा उलट्या पावली घरी, आणि चौदा दिवस शाळेचं तोंड पाहायचं नाही, असा मोठ्या सरांचा नियम होता. काकांना तो नियम मनापासून पटला होता. त्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा घंटेच्या दांड्याखेरीज काही दिलं गेलं होतं.

पण त्यांचं खरं काम दिसायचं ते सुट्टीला. पूर्वी आमची सुट्टी म्हणजे गोठ्याचं दार उघडावं तशी असायची. आता तसं चालणार नव्हतं. काकांनी स्वतःच्या डोक्याने एक पद्धत काढली: गावाप्रमाणे सुट्टी. सगळ्यात दूरचं, जंगलातलं गाव आधी, म्हणजे अस्वलाच्या वेळेआधी पोरं घरी पोहोचतील. मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं. काका फाटकात उभे राहायचे, मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि आवाज द्यायचे, "कोसमटोलावाऽऽले!" कोसमटोल्याची पोरं निघायची. ती वळणावरच्या बोरिंगच्या हापशापलीकडे दिसेनाशी होईतो काका मान वळवून पाहत राहायचे. मगच पुढचं. "चिचटोलावाऽऽले!" "पळसझरीवाऽऽले!" "आंबेझरीवाऽऽले!" आंबेझरीचा नंबर शेवटून दुसरा. आमच्या मागे फक्त हायवेवरच्या गावाची पोरं उरायची, ती कोणी न सांगताही पोहोचली असती. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, एवढा वेळ काऊन लावून राहिले?" तर म्हणाले, "तुले पोचवून देऊ का गाडीत बसवून? उभा राय गोलात."

आता माझी करामत. फागुन लागता लागता आमच्याकडचं ऊन डोक्यात शिरतं. शाळा अकराची. सात किलोमीटर सायकल मारून मी फाटकावर आलो आणि बंदुकीने एकशे एक दाखवलं. मी ठणठणीत होतो. काका म्हणाले, "जा वापस." मी म्हणालो, "काका, ऊन आहे ते." "ऊन असो का चंद्र असो, शंभरच्या वर आहे ना?" थोडा वेळ सावलीत बसवून पुन्हा मोजायचं कोणाला सुचलं नाही, त्यांना नाही, मला नाही. मी सायकल वळवली, वळणापर्यंत गेलो, तिथे बोरिंग होतं. रागारागाने डोक्यावर पाणी मारलं, गळ्यातला दुपट्टा भिजवून कपाळाला बांधला, आणि दहा मिनिटांनी, केवळ खोडी म्हणून, परत जाऊन रांगेत उभा राहिलो. काकांनी चौदा दिवसांचं नाव न काढता पुन्हा बंदूक धरली. सत्त्याण्णव.

जगाला मोठमोठे शोध लागले असतील, मला हा लागला. दुसऱ्या दिवसापासून बोरिंगवर माझा दवाखाना सुरू झाला. मी हापसा मारायचो, माझा मित्र चैतराम दुपट्टे पिळायचा. "कपार इकडे कर. हां. दोन मिनिट बांध. मंग पूस, नाहीतर काकाले दिसन." पळसझरीच्या पोरी आधी लाजल्या, मग त्याही ओढण्या भिजवायला लागल्या. फाटकावर एकामागून एक सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. मोठे सर व्हरांड्यातून कौतुकाने पाहायचे. आपली शाळा सगळ्यात निरोगी म्हणून त्यांनी कुठे तरी कळवलंही म्हणे. मी गोलात उभा राहून गालातल्या गालात हसायचो. एकालाही, मी धरून, असा प्रश्न पडला नाही की या ओल्या कपाळांमध्ये एखादं खरंच तापलेलं असलं तर ते कसं कळणार. सगळ्या फाटकाला, गोलांना, त्या सहा फुटांच्या काठीला मी एका ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं, आणि मला वाटत होतं मी उन्हाला हरवलं.

दहावीचा निरोप समारंभ ठरला तो दिवस शनिवार. त्यात माझा एक कार्यक्रम होता: सगळ्यांचे आवाज काढायचे. मोठे सर, गणिताच्या मॅडम, आणि शेवटी फागूकाका गावाप्रमाणे सुट्टी देताना. मी पंधरा दिवस गाईपुढे उभा राहून सराव केला होता. काकांना कुणकुण लागली होती. ते रोज विचारायचे, "बाबू, माहा आवाज नीट काढजो. बायको म्हनते मी ओरडतो तं कोल्हा पळते."

शनिवारी सकाळी उठलो तर अंगाखालची चटई ओली होती आणि हाडं कोणी बदडल्यासारखी दुखत होती. माय अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने ओला हात माझ्या गालाला लावला. "अंग गरम आहे तुहं, गुनवंता."

"आत्ता उठलो ना. झोपेची गरमी."

"झोपेची गरमी कोनाले असते?"

"मले असते."

ती काढा आणायला वळली आणि मी सायकल काढली. त्या सकाळी माझी कोणतीही परीक्षा बुडणार नव्हती. कोणी माझी वाट पाहत उपाशी नव्हतं. मला फक्त टाळ्या हव्या होत्या. हे वाक्य मी अनेक तऱ्हांनी लिहून पाहिलं, ते याहून बरं होत नाही.

बोरिंगवर मी चैतरामला म्हणालो, "आज जास्त मार." त्याने हापसा मारला, मी डोकं धारेखाली धरून बसलो, दात वाजायला लागेपर्यंत. मग गोलात. पुढे सरकत सरकत फाटक आलं. काकांनी बंदूक धरली, ती टुंई वाजली, त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "हे का दाखवून राहिली? आकडाच नाई." पुन्हा धरली. आकडा नाहीच. "एवढा थंडा तं मुर्दा असते बे. मेला का तू?" मागची पोरं हसली. मीही हसलो, आणि हसता हसता खोकलो, मास्क नाकावरून घसरला. काकांनी बंदूक खिशात घातली आणि उपडा हात, चार बोटं, माझ्या कपाळाला लावली. जरा वेळ ठेवली. माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "जा. आज तुहा दिवस आहे."

कार्यक्रम असा झाला की विचारू नका. काकांचा आवाज काढायची वेळ आली तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले होते. मी मास्क हनुवटीखाली ओढला, छाती पुढे काढली, आणि गावं अशी धडाधड सोडली, कोसमटोला-चिचटोला-पळसझरी-आंबेझरी, की पोरं बाकांवर उभी राहिली. काका तोंडावर दुपट्टा धरून हसत होते, खांदे हलत होते. मला तो हलणारा खांदा आजही दिसतो. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं, कारण त्या दिवशी सुट्टी होण्याआधीच मला उभं राहवेना आणि मी मागच्या कुंपणातून निघून गेलो.

ताप तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी मी अंगणात येऊन बसलो. मोहफुलं चटईभर पसरली होती. आमच्या भागात ज्याला मोहाचा वास माहीत आहे त्याला सांगायला नको. तो घरात शिरतो, कपड्यांत शिरतो, भाताला लागतो, डोकं जड करतो. मी एक मूठ उचलून नाकाशी नेली. काही नाही. दुसरी मूठ. काही नाही. जणू कागदाची फुलं. माय म्हणाली, "औंदा मोह लय वासून राहिला नाई?" मी म्हणालो, "हो ना, लय." गिरणी नेहमीसारखी भकभक करत होती. मी बसल्या बसल्या माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि मला तिथे चार बोटं लागली. म्हणजे नव्हती. पण लागली.

मी सांगू शकत होतो. चैतरामचा फोन होता, सरांचा नंबर होता. त्याच आठवड्यात शाळा पुन्हा बंद करायचा हुकूम आला आणि मी स्वतःला म्हणालो, आता सगळेच घरी आहेत, आता सांगून काय? दोन आठवडे गेले. एका दुपारी चैतराम फोनवर म्हणाला, "अबे, फागूकाका गेले. गोंदियाले नेलते. आनलं नाई वापस." मी चिचेच्या मधल्या फांदीवर होतो. खाली उतरायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर मी वकील झालो. स्वतःचाच. काका त्याच आठवड्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. त्यांचा जावई रायपूरहून येऊन राहिला होता. बाजारात तर ते रोजच जायचे. यातलं सगळं खरं होतं, आणि यातल्या कशानेही ती चार बोटं निघाली नाहीत. बहीण म्हणायची, फागूकाकाचा आवाज काढ ना. मी म्हणायचो घसा बसला. पुढे गोंदियाला भरतीसाठी खोली घेतली तेव्हा रूम पार्टनर विचारायचा, "यार, तू दौड़ के आता है तो सिर पे पानी क्यों नहीं मारता? मर जाएगा गर्मी से." मी त्याला सांगितलं, आमच्यात मारत नाहीत. त्याने ते खरं मानलं, त्याला वाटलं हा काहीतरी झाडीतला रिवाज असेल.

गेल्या वर्षी भरतीच्या कागदांसाठी शाळेतून एक दाखला हवा होता. शनिवार होता, सकाळची शाळा. काकांच्या जागेवर काकीला घेतल्याचं मला माहीत होतं. काकी, म्हणजे फागूकाकांची बायको, फाटकाजवळ स्टुलावर बसली होती, खाकी रंगाचीच साडी, पायाशी पिशवी. मी पोहोचलो आणि तिने घंटा दिली. पोरं सुटली, एकदम, गोठ्याच्या दारासारखी. माझ्या पोटाला, कोपराला धडकत गेली. धूळ खाली बसली तेव्हा मैदानात आम्ही दोघंच होतो. दाखला बाजूला राहिला. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बोरिंग, दुपट्टे, तो शनिवार, मोहफुलं. ती ऐकत होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

मी थांबलो. ती म्हणाली, "झालं?"

"हो."

"मले माहीत आहे ते."

तिचा अंगठा थांबला.

"बोरिंगचं त्याइले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओल्या केसानं फाटकावर याचे तुमी, आंधळे होते का ते? म्हनेत, पोट्टे सात-सात किलोमीटर उन्हात येतेत, कोनाकोनाले वापस धाडू. आन त्या शनिवारी घरी आले तं म्हनाले, गुनवंताचं अंग आतून तापून होतं. मी म्हनली, मंग सोडलं काऊन? तं म्हने, पोट्टा माहा आवाज काढनार होता व. वापस धाडलो असतो तं रडला असता."

वळणावरून एक ट्रक गेला. बोरिंग अजून तिथेच होतं.

"तुले वाटते तू चोरून आत गेला. नाई गेला. त्याइनं सोडलं तुले." मग माझ्या चेहऱ्यावर काही तरी दिसलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "म्हनून तुहा दोष नाई, असं नाई म्हनत मी. सांगून तुले हलकं वाटत असन. मले नाई वाटलं."

"काकी, मी काय करू?"

"माह्याजवळ फोटो आहे. आवाज नाई," ती म्हणाली. "तू काढायचा ना? काढ."

मी फाटकात गेलो. मास्क नव्हता तरी हात हनुवटीकडे गेला. मग आवाज दिला. "कोसमटोलावाऽऽले!" तो माझा नव्हता. मी घाईने पुढचं नाव घेतलं, तर तिने हात वर केला.

"दम धर. इतक्या लवकर जातेत का पोट्टे? बोरिंगपलीकडं जाऊ दे."

आणि मला कळलं की निरोप समारंभात मी जे केलं होतं त्यात फक्त ओरडणं होतं. थांबणं नव्हतं, त्यावर कोणी हसलं नसतं. मी वळणाकडे मान वळवली आणि रिकाम्या रस्त्यावरून कोसमटोल्याची पोरं जाताना पाहत राहिलो. ती बोरिंगपलीकडे गेली. मग चिचटोला. तीही गेली. मग पळसझरी. आंबेझरी म्हणताना मला वाटलं आता आपणही सुटलो, त्या रस्त्याने पाठमोरा मीच जातो आहे, केस ओले. मग हायवेवरचं गाव. ते झालं, आणि मी वळून काकीकडे पाहिलं.

"एक राहिलं," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

"सगळी झाली, काकी."

"तू निघून जायचा ना, तुले कसं माहीत असन? सगळे गेल्यावर, फाटक लावता लावता, आपलं गाव घ्यायचे. घरी येऊन सांगेत. सगळ्याइले सोडलो, मंग मले सोडलो."

काकांचं गाव बोडीटोला. शाळेमागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून दहा मिनिटांचं. मी फाटकाचं एक दार ओढून घेतलं, दुसऱ्यावर हात ठेवला, आणि जेवढा काकांसारखा काढता येईल तेवढा आवाज काढला. ओरडून नाही, हळू, स्वतःला सांगावं तसा.

"बोडीटोलावाऽऽले."

काकी उठली. पिशवी घेतली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न पाहता फाटकातून बाहेर पडली. पाळीवरून ती दिसेनाशी होईतो मी मान वळवून उभा होतो.